पन्नाशीनंतरचं गणित

बडोद्याच्या सयाजीगंजात क्रिकेटचा वाद पेटायला निमित्त लागत नाही. स्टेशनाबाहेर पडून विद्यापीठाच्या कला शाखेच्या घुमटाकडे किंवा काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडे चालू लागलं, की वाटेत चहाची टपरी येते आणि तिथे कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं, "सचिननं शतक ठोकलं की भारत हरतो." शेजारचा विद्यार्थी विचारतो, "काका, बडोद्यात कितींदा हरला?" उत्तर आहे, एकदाही नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ११५, मार्च २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२२ आणि जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १००. बडोद्यातली तेंडुलकरची एकदिवसीय शतकं तीन, आणि तिन्ही सामने भारताने जिंकले.

पण काकाही हवेत बोलत नसतात. १९९९ ची चेन्नई कसोटी त्यांच्या डोळ्यांपुढे असते. पाकिस्तानविरुद्ध तेंडुलकरने १३६ धावा करूनही भारत १२ धावांनी हरला होता. २००९ मध्ये हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७५, आणि पराभव ३ धावांनी. २०१२ मध्ये मीरपूरला शतकांचं शतक पुरं झालं, त्या दिवशी तर बांगलादेशने हरवलं. दोघांकडेही पुरावा आहे आणि दोघांचेही सामने खरे आहेत. मग खरं कोण बोलतंय?

छेदात कोण उरलं?

टपरीवरचे बहुतेक वाद अंशावरून होतात. किती शतकं, किती विजय, किती पराभव. घोळ असतो तो छेदात. 'एकूण किती?' हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारलाच तर 'कशापैकी एकूण?' हा पुढचा प्रश्न राहून जातो.

मुंबईहून अहमदाबादकडे निघालेल्या गाडीचं बघा. समजा, गाडीत हजार प्रवासी चढले आणि त्यांतल्या दोनशेंना बडोद्याला उतरायचं आहे. मुंबईला कुणाही एकाच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो बडोद्याचा असण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे २० टक्के. वापी, सुरत, भरूच करत सहाशे जण उतरून गेले आणि मध्ये कुणी चढलं नाही, असं धरू. भरूच सोडल्यावर गाडीत चारशे उरले, आणि बडोद्याचे दोनशे अजून आपापल्या जागी आहेत. आता हात ठेवाल तर शक्यता निम्मी, ५० टक्के. बडोद्याचा एकही प्रवासी वाढला नाही. फक्त छेद हजारावरून चारशेवर आला.

एखादी गोष्ट घडली आहे हे कळल्यानंतर दुसरी घडण्याची जी शक्यता उरते, तिला सशर्त संभाव्यता म्हणतात. शर्त म्हणजे इथे 'भरूच ओलांडलं' ही अट. अट पुरी न करणारे सगळे छेदातून वजा करायचे आणि उरलेल्यांत पुन्हा मोजणी करायची. सयाजीगंजातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलांना याचं सूत्र चिन्हांत मिळतं, पण सूत्राच्या पोटात आहे ते एवढंच.

आता काकांचा दावा तपासू. तेंडुलकर ४६३ एकदिवसीय सामने खेळला. भारताने त्यांतले २३४ जिंकले, म्हणजे साधारण ५०.५ टक्के. शतकाची अट घातली की ४६३ पैकी ४९ च सामने उरतात. त्यांत विजय ३३, पराभव १४, एक बरोबरीत आणि एक अनिर्णित. तेहतीस भागिले एकोणपन्नास म्हणजे ६७ टक्के. शतक नसलेल्या ४१४ सामन्यांत २०१ विजय, म्हणजे ४८.५ टक्क्यांच्या आसपास. काकांचा दावा इथे साफ कोसळतो.

तरी तो मरत नाही, कारण जिंकलेल्या सामन्यातलं शतक आनंदात विरघळून जातं आणि हरलेल्या सामन्यातलं सलत राहतं. चौदा पराभव आठवणीत रुतून बसतात, तेहतीस विजयांची गर्दी होते आणि गर्दीत चेहरे दिसत नाहीत.

विद्यार्थ्याचाही हिशेब मान्य करण्यात धोका आहे. तीनपैकी तीन म्हणजे शंभर टक्के, पण छेद फक्त तीनाचा. नाणं तीनदा उडवून तिन्ही वेळा छापा पडणं आठात एकदा होतंच. त्यावरून कुणी नाण्यावर संशय घेत नाही. अट जितकी नेमकी कराल, तितका छेद आटत जातो. 'तेंडुलकरचं शतक' ही अट ४९ सामने देते, 'बडोद्यातलं शतक' तीन, आणि 'बडोद्यातलं, वेस्ट इंडिजविरुद्धचं शतक' फक्त एक. त्या एकावर मांडलेली टक्केवारी बोलायला झकास, वापरायला कुचकामी.

हजारेंचे बावन्न डाव

बडोद्यात बसून हे गणित करायचं, तर त्याला विजय हजारेंइतका योग्य माणूस सापडणार नाही. सांगलीत जन्मलेले आणि १९३९-४० च्या मोसमात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ कुटणारे हजारे पुढे बडोद्याचे झाले आणि २००४ मध्ये याच शहरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. कसोटीतला त्यांचा हिशेब आटोपशीर आहे. सामने ३०, डाव ५२, धावा २१९२, सरासरी ४७.६५, शतकं ७ आणि अर्धशतकं ९.

हजारे फलंदाजीला निघाले, तेव्हा शतकाची शक्यता किती? बावन्नात सात, म्हणजे १३.५ टक्के. धावफलकावर त्यांच्या नावापुढे ५० लागले, की हाच प्रश्न पुन्हा विचारायचा. पन्नाशी त्यांनी १६ वेळा ओलांडली, सातदा शतक करून आणि नऊदा शतकाच्या अलीकडे थांबून. म्हणून आता शक्यता सोळात सात, जवळजवळ ४४ टक्के.

शतकाकडे जाणारा रस्ता दोन टप्प्यांत तोडता येतो. आधी पन्नाशी गाठायची (५२ पैकी १६), मग तिथून पुढे शतक (१६ पैकी ७). दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार केला की १६ ला १६ कटतात आणि ५२ पैकी ७ उरतात. संभाव्यतेच्या गुणाकाराचा नियम म्हणून परीक्षेत जो विचारतात, तो हाच.

या ४४ टक्क्यांचं मोल किती? तेंडुलकरने कसोटीत पन्नाशी ११९ वेळा ओलांडली आणि शतकं ५१ केली, म्हणजे ४३ टक्के. त्याच्या चार दशकं आधीचे हजारे त्याच्या बरोबरीने उभे आहेत, केसभर पुढेच. ब्रॅडमन यांचं प्रकरण निराळं : ८० डावांत ४२ वेळा पन्नाशी, त्यांतली २९ शतकं, म्हणजे ६९ टक्के. ते पन्नाशीला पोहोचले, की समोरच्या कप्तानाने शतक गृहीत धरलं तरी चालण्यासारखं होतं.

बडोद्याच्याच अंशुमन गायकवाडांचे आकडे पाहिले, तर ७० डावांत पन्नाशी १२ वेळा आणि शतकं २, म्हणजे १७ टक्के. आकडा बेताचा दिसतो. पण त्या बारांत १९७६ चा जमैकाचा डाव आहे. वेस्ट इंडिजचे वेगवान गोलंदाज अंगावर चेंडू टाकत होते. ८१ वर असताना एक कानावर बसला आणि गायकवाड मैदानातून थेट रुग्णालयात गेले. दोन शतकांपैकी एक १९८३ चं जालंधरचं २०१, ६७१ मिनिटं खेळपट्टीवर उभं राहून काढलेलं. छेदाला हे काही माहीत नसतं. त्याच्या लेखी जमैकाचं ८१ म्हणजे शतक न झालेला एक डाव.

चौकट : कसोटीतली पन्नाशी आणि पुढे

विजय हजारे : ५२ डाव, पन्नाशी पार १६ (३१ टक्के), त्यांतून शतकं ७ (४४ टक्के)
सचिन तेंडुलकर : ३२९ डाव, पन्नाशी पार ११९ (३६ टक्के), त्यांतून शतकं ५१ (४३ टक्के)
डॉन ब्रॅडमन : ८० डाव, पन्नाशी पार ४२ (५२.५ टक्के), त्यांतून शतकं २९ (६९ टक्के)
अंशुमन गायकवाड : ७० डाव, पन्नाशी पार १२ (१७ टक्के), त्यांतून शतकं २ (१७ टक्के)

'जम बसला' म्हणजे नेमकं काय?

चौकटीतल्या पहिल्या तीन ओळी पुन्हा वाचा. दुसरी टक्केवारी पहिलीपेक्षा मोठी आहे. शून्यापासून पन्नासपर्यंत जाणं अवघड आणि पन्नासपासून शंभरपर्यंत जाणं त्या मानाने सोपं, असं आकडे म्हणतात. समालोचक 'जम बसला' म्हणतात ते हेच का?

१९४५ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात विमागणिती विल्यम एल्डर्टन आणि जी. एच. वुड यांनी क्रिकेटच्या धावसंख्यांवर लेख लिहिले. वुड यांनी तपासलेली कल्पना साधी होती : फलंदाज १ वर असो की ९१ वर, पुढची धाव काढण्याआधी बाद होण्याचा धोका सारखाच असतो, असं मानून चालायचं. म्हणजे फलंदाजाला मागचं काही आठवत नाही, दर धावेला तो नव्याने सुरुवात करतो.

ही कल्पना हजारेंना लावून बघू. सरासरी ४७.६५ असेल, तर पुढची धाव निघण्याआधी बाद होण्याची शक्यता साधारण एकोणपन्नासात एक येते. म्हणजे एकेक धाव टिकण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या आसपास. ही शक्यता स्वतःशीच पन्नास वेळा गुणली की ३५ टक्के उरतात. या हिशेबाने हजारेंची पन्नाशी ५२ पैकी १८ वेळा व्हायला हवी होती. झाली १६ वेळा. शतकं साडेसहा यायला हवी होती, आली सात. इतक्या भाबड्या कल्पनेने इतकं जवळ जाणं, हे खरं तर थक्क करणारं आहे.

तरी ती एका जागी अडखळते. फलंदाजाला मागचं आठवत नसेल, तर पन्नासवरून शंभर गाठण्याची शक्यताही तीच, ३५ टक्के, असायला हवी. प्रत्यक्षात ती ४४ आहे. तेंडुलकरचा तसाच हिशेब केला तर दोन्ही टप्प्यांना ४० टक्के येतात. प्रत्यक्षात पहिल्याला ३६, दुसऱ्याला ४३. ब्रॅडमनचे दोन्हीकडे ६१ यावेत, पण पहिल्याला ५२.५ आणि दुसऱ्याला ६९ आहेत. तिघांचीही सुरुवात अपेक्षेपेक्षा कच्ची आणि पुढचा खेळ अपेक्षेपेक्षा पक्का.

यावरून 'नजर बसली की धोका घटतो' असं म्हणण्याचा मोह होतो, आणि त्यात तथ्य असावंच. पण आणखी एक कारण आत दडलेलं आहे. पन्नाशी ओलांडलेले डाव म्हणजे सगळ्या डावांतून यादृच्छिकपणे उचललेले डाव नव्हेत. पाटा खेळपट्टी, थकलेली गोलंदाजी, निरभ्र आकाश असलेले दिवस त्यांत आपोआप जास्त येतात, कारण अवघड दिवशी फलंदाज पन्नाशीच्या आधीच तंबूत परतलेला असतो. तेव्हा ५० चा आकडा फलंदाजाबद्दल जितकं सांगतो, तितकंच त्या दिवसाबद्दलही सांगतो. दोन्हींचा वाटा वेगळा काढायचा, तर नुसत्या धावा पुरत नाहीत. खेळपट्टी, हवा आणि गोलंदाज यांची नोंद हवी.

आणि हजारेंचा छेद सोळाच आहे, हेही ध्यानात ठेवावं लागतं. सातातलं एक शतक ९९ वर अडलं असतं, तर ४४ चे ३७.५ टक्के झाले असते.

नाण्याला काही आठवत नाही

फलंदाजाच्या बाबतीत अटीने शक्यता बदलली. अट घालूनही शक्यता तसूभर हलत नाही, असंही घडतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची नाणेफेक भारताने गमावली, आणि तिथून एकदिवसीय सामन्यांत नाणेफेक हरण्याची रांगच लागली. सलग वीस. डिसेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला ती तुटली.

सलग वीस नाणेफेकी हरण्याची शक्यता दहा लाख ४८ हजार ५७६ मध्ये एक. एकोणीस हरून झाल्यावर विसावी हरण्याची शक्यता मात्र दोनात एक. 'आता तर जिंकायलाच हवी' म्हणणारा माणूस ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळतो. दहा लाखांचा आकडा सगळ्या रांगेचा, ती सुरू होण्याआधीचा आहे. एकोणीस घडून गेल्यावर त्या एकोणीस विचित्र गोष्टींचं मोल चुकतं झालेलं असतं. उरते एक नाणेफेक, आणि ते नाणं कुणाचं देणं लागत नाही. अशा घटनांना गणितात स्वतंत्र म्हणतात : अट माहीत असो वा नसो, उत्तर तेच.

अट उलटी वाचली की

सशर्त संभाव्यतेत सगळ्यात जास्त माणसं फसतात ती दिशेला. शतक झालं असेल तर पन्नाशी झालीच, शंभर टक्के. पन्नाशी झाली असेल तर शतक मात्र, हजारेंच्या बाबतीत, ४४ टक्के. शब्द तेच, क्रम फिरला आणि छेद बदलला. इथे चूक चटकन दिसते म्हणून हसू येतं. पण 'तेंडुलकरच्या शतकाच्या सामन्यांपैकी ६७ टक्के जिंकले' आणि 'जिंकलेल्या सामन्यांपैकी १४ टक्क्यांत त्याचं शतक होतं' (२३४ पैकी ३३) ही दोन वाक्यं वादात सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

हजारेंची सात शतकं सहा कसोट्यांतली. अ‍ॅडलेडला १९४८ मध्ये ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत, ११६ आणि १४५, आणि तो सामना भारत डावाने हरला. शतकांच्या उरलेल्या पाच कसोट्यांपैकी चार अनिर्णित. विजय एकच, नोव्हेंबर १९५२ चा, मुंबईत पाकिस्तानविरुद्ध. म्हणजे शतक असताना विजय सहात एकदा. उलटं वाचायचं, तर हजारे खेळलेल्या कसोट्यांत भारत तीनदा जिंकला आणि त्यांतल्या एकीत त्यांचं शतक होतं, म्हणजे तीनात एकदा. भारताचा पहिला कसोटी विजय फेब्रुवारी १९५२ चा, मद्रासचा. कर्णधार हजारे, पण शतकं पंकज रॉय आणि पॉली उमरीगर यांची, आणि बारा बळी विनू मंकड यांचे. हजारेंची शतकं 'वाया जात' हा निष्कर्ष यातून निघत नाही. त्या काळचा भारतीय संघ जिंकतच क्वचित असे, आणि बुडत्या डावात उभा राहायला बहुतेकदा हजारेच लागत. १९५२ च्या लीड्स कसोटीत दुसऱ्या डावात धावफलक चार बाद शून्य होता. त्या चारांत पहिलीच कसोटी खेळणारे बडोद्याचे दत्ता गायकवाडही होते. हजारे तेव्हा आत आले आणि ५६ करून गेले. 'चार बाद शून्य' ही अट घालून कुणाची टक्केवारी काढायची?

दिशा उलटवण्याचा रीतसर मार्ग थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या निबंधात सापडतो. त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, तो प्रसिद्ध झाला. सूत्र न लिहिता तो मार्ग असा दाखवता येईल. हजारेंच्या ५२ आणि अंशुमन गायकवाडांच्या ७० कसोटी डावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका आणि न बघता एक काढा. ती हजारेंची असण्याची शक्यता १२२ पैकी ५२, म्हणजे ४३ टक्के. कुणी कानात सांगितलं, "पन्नाशी पार आहे." अशा चिठ्ठ्या २८, त्यांत हजारेंच्या १६, शक्यता ५७ टक्क्यांवर गेली. "शतकाची आहे" असं कळलं, तर ९ पैकी ७, म्हणजे ७८ टक्के. चिठ्ठी हातात तीच आहे. प्रत्येक नव्या बातमीबरोबर तिच्याबद्दलचा आपला अंदाज सरकतो.

५७७ आणि ६०६

बडोदेकरांच्या अभिमानाचा आकडा ५७७. मार्च १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तिघे ९१ वर बाद झाले होते. तिथून हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. बडोद्याने ७८४ केल्या आणि सामना एक डाव ४०९ धावांनी जिंकला. कुठल्याही गड्यासाठीचा प्रथम श्रेणीतला हा विश्वविक्रम २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांनी मोडला. रणजीत तो २०१६ पर्यंत टिकला. त्या वर्षी महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४ केल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध नाबाद ६०६ केल्या, दोघांचीही त्रिशतकं.

यांतलं दुर्मीळ कुठलं, हा प्रश्न अट न सांगता सुटत नाही. १९४७ चा होळकर संघ आदल्या वर्षीचा विजेता होता, कर्णधार सी. के. नायडू. अरुणाचलचा संघ २०१८ पासून रणजी खेळू लागलेला. 'पाचशेहून अधिक धावांची भागीदारी' हे शब्द दोन्हीकडे लागू करता येतील, छेद मात्र वेगळे आहेत.

गुल महंमद यांचं काय करायचं, हा पेच तर सुटणारा नाही. भारत आणि पाकिस्तान मिळून ते ९ कसोट्या खेळले, १७ डावांत २०५ धावा केल्या, सर्वोच्च ३४. पन्नाशी ओलांडल्यावर शतकाची शक्यता काढायला त्यांच्या कसोटी आकड्यांत अंश शून्य आणि छेदही शून्य. गणित याचं उत्तर शून्य टक्के असं देत नाही, शंभरही देत नाही. शून्याने भागता येत नाही एवढंच सांगतं. त्यांच्याबद्दल काही म्हणायचं असेल, तर कसोटीची वही मिटून रणजीची उघडावी लागते, आणि त्यात ३१९ आहेत.